लष्करी डॉक्टर होऊन दूरच्या रुग्णालयात जायचंय? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांतले इंटर्न, त्यांचे आईबाबा, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. मी मेडिसिनची डॉक्टर. लष्कराच्या शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीवर, लडाखमध्ये काम केलं, आता नागपुरात प्रॅक्टिस करते. कुठल्या रुग्णालयात आणि कुठल्या पलटणीसोबत होते, हे इथे लिहिणार नाही. वयाच्या आणि गुणांच्या अटी जाहिरातीगणिक बदलू शकतात, तेव्हा अर्ज करताना जाहिरातच प्रमाण धरा.

बेस हॉस्पिटल म्हणजे सीमेवरचा तंबू का?

नाही, तंबू त्याच्या बराच पुढे असतो. जखमी जवानाला पहिली पट्टी सोबती बांधतो, मग पलटणीचा नर्सिंग असिस्टंट बघतो. तिथून त्याला रेजिमेंटल एड पोस्टवर आणतात. तिथे पलटणीचा स्वतःचा डॉक्टर असतो, त्याला आरएमओ म्हणतात. त्याच्या मागे फील्ड हॉस्पिटल, जिथे जीव वाचवण्यापुरती शस्त्रक्रिया होते. त्याच्याही मागे जनरल किंवा बेस हॉस्पिटल. इथे सर्जन, फिजिशियन, भूलतज्ज्ञ, आयसीयू, रक्ताची सोय असं सगळं असतं. आणखी मागे उधमपूर, चंडीमंदिर, लखनौ, कोलकाता, पुणे इथली कमांड हॉस्पिटलं आणि सगळ्यात शेवटी दिल्लीचं ‘आर अँड आर’, म्हणजे लष्कराचं रिसर्च अँड रेफरल रुग्णालय.

तेजपूरचं १५५, गुवाहाटीचं १५१, श्रीनगरचं ९२, बागडोगऱ्याजवळचं १५८ ही बेस हॉस्पिटलं. पण बेस हॉस्पिटल दिल्ली छावणीतही आहे आणि लखनौलाही, म्हणजे नावावरून दुर्गमपणा ठरत नाही. उलट लेहचं १५३ हे कागदोपत्री जनरल हॉस्पिटल आहे आणि सुमारे ११,५०० फुटांवर आहे.

इंटर्नना पुढची गोष्ट सांगितली की चेहरे पडतात. नुसतं एमबीबीएस असाल तर या मोठ्या रुग्णालयात सुरुवातीला बहुधा येणारच नाही. तुम्ही त्याच्याही पुढे जाल, आरएमओ म्हणून किंवा फील्ड हॉस्पिटलात. बेस हॉस्पिटल ही मुख्यतः तज्ज्ञांची जागा.

नागपुरातून जायचं कसं? मार्ग कोणते?

बारावीत असाल तर पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय. १९४८ सालचं कॉलेज. नीट द्यायचीच, त्यानंतर त्यांची वेगळी इंग्रजी आणि तर्काची परीक्षा, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. शिक्षणानंतर सात वर्षांच्या सेवेचा बाँड असतो. हा बाँड घरच्यांनी सही करायच्या आधी वाचावा. फी वाचते एवढाच हिशेब करून गेलेली मुलं पुढे कुरकुरतात.

आधीच डॉक्टर असाल तर शॉर्ट सर्व्हिस कमिशन. एमबीबीएससाठी वय तिशीच्या आत, पीजी असेल तर पस्तिशीच्या आत. अलीकडच्या भरतीत नीट-पीजीचे गुण पाहून मुलाखतीला बोलावतात. फायनल एमबीबीएस किती प्रयत्नांत सुटली, हेही बघतात. इंटर्नशिप पूर्ण आणि कायमची नोंदणी हातात हवी. सुरुवातीची मुदत पाच वर्षं, वाढवत नेली तर एकूण चौदा. मधे कायम कमिशनसाठी अर्ज करता येतो. निवड झाली की लखनौच्या एएमसी (आर्मी मेडिकल कोअर) सेंटरमध्ये प्रशिक्षण. तिथे सॅल्यूट कसा करायचा इथपासून जखमींची छाननी कशी करायची इथपर्यंत शिकवतात.

कामठीतच पोस्टिंग मिळेल का?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि बहुतेकदा आईकडून येतो. कामठीची छावणी १८२१ पासूनची. तिथे ‘ब्रिगेड ऑफ द गार्ड्स’ या रेजिमेंटचं सेंटर आहे, मिलिटरी हॉस्पिटल आहे, आणि वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय तर नागपुरातच. तेव्हा जागा आहेत. पण पोस्टिंग मागून मिळत नाही, आणि फील्डमधली, म्हणजे सीमेकडची, नेमणूक झाल्याशिवाय शांत ठिकाण मिळेल, हे गृहीत धरू नका. घराजवळ राहणं हीच पहिली अट असेल तर मिहानमधलं एम्स आहे, मेडिकल आहे, तिथेच प्रयत्न करा. त्यात काही कमीपणा नाही.

पगार किती?

सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात कॅप्टनचं मूळ वेतन ६१,३०० रुपयांपासून सुरू होतं. त्यावर १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे, मूळ वेतनाच्या २० टक्के नॉन प्रॅक्टिसिंग अलाउन्स आणि महागाई भत्ता. उंचीवरच्या नेमणुकीचा भत्ता वेगळा. सियाचीनवरच्या अधिकाऱ्यासाठी तो २०१७ मध्ये महिना ४२,५०० ठरला, लेहमध्ये बसून तो मिळत नाही. धंतोली-रामदासपेठेतल्या कन्सल्टंटच्या कमाईशी तुलना करणार असाल तर इथेच वाचणं थांबवा. खर्च मात्र फारच कमी होतो, कारण खर्च करायला दुकानच नसतं.

नागपूरच्या माणसाला ती उंची झेपते का?

झेपते, पण शरीराला दिवस द्यावे लागतात. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर. लेह ३,५००. तिथे हवेचा दाब आपल्या दोन तृतीयांशांच्या आसपास. विमानातून उतरलेल्या धडधाकट माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलं तर आकडा नव्वदीला घुटमळतो. कोविडच्या दिवसांत मेडिकलच्या वॉर्डात हा आकडा पाहून आपण बेड शोधायला धावत होतो. तिकडे त्याच माणसाला ‘झोपून राहा, पाणी प्या’ एवढंच सांगायचं. स्वतःच्या डोक्यातले आकडे बदलायला डॉक्टरलाही वेळ लागतो.

लष्कराचा नियम ठरलेला आहे. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, पुढे १५,००० पर्यंत चार दिवस, त्यावर आणखी चार. पहिले दोन दिवस नुसता आराम, मग थोडं चालणं, मग चढ. हा नियम फुकट मिळालेला नाही. १९६२ च्या युद्धात आणि त्यानंतर मैदानी भागातले जवान घाईघाईने वर नेले गेले आणि कित्येक जण गोळी न लागता आजारी पडले. त्या काळात इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ मध्ये जो निबंध छापला, तो जगभरच्या गिर्यारोहण-वैद्यकात आजही उद्धृत होतो. आपल्याकडे पीजीला तो कुणी दाखवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

भीती असते ती हापो आणि हाकोची. हापोमध्ये फुप्फुसात पाणी भरतं. वर आल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, बहुधा रात्री, कोरडा खोकला सुरू होतो. आधी चालताना धाप, मग बसल्या जागी धाप. ऑक्सिजन द्यायचा, खाली उतरवायचं, गरजेप्रमाणे निफेडिपिन. हाकोमध्ये मेंदूला सूज येते. डोकं ठणकतं, माणूस असंबद्ध बोलतो, सरळ रेषेत चालता येत नाही. तिथे डेक्सामेथासोन आणि ताबडतोब खाली. उतरवणं शक्यच नसेल तर माणसाला हवाबंद पिशवीत ठेवून आतला दाब वाढवतात. तेवढ्यापुरतं त्याला काही हजार फूट खाली नेल्यासारखंच होतं. त्या पिशवीचा पंप पायाने मारत राहावा लागतो आणि तो मारणारे नर्सिंग असिस्टंट हे या सगळ्या व्यवस्थेतले सगळ्यात कमी कौतुक झालेले लोक आहेत.

आमच्या घरात सिकलसेल आहे. चालेल का?

हा प्रश्न पुण्या-मुंबईचे लोक विचारत नाहीत, पण विदर्भातल्या माणसाने विचारलाच पाहिजे. सिकलसेलचा आजार असेल तर सैन्यात निवड होणार नाही. पण नुसते वाहक असलेले लोक आपल्याकडे घराघरांत आहेत आणि त्यांपैकी अनेकांना ते माहीतच नसतं. खाली त्यांना काही त्रास नसतो. उंचीवर ऑक्सिजन कमी झाला की मात्र काहींच्या प्लीहेचा रक्तपुरवठा तुटतो. डाव्या बरगडीखाली अचानक जोराची कळ, मळमळ, ताप. सर्जनला पोटाचं दुसरंच काहीतरी वाटतं.

म्हणून डाव्या बाजूच्या दुखण्याचा पेशंट आला की मी त्याचं गाव विचारायचे. चंद्रपूर, गडचिरोली, छत्तीसगड, ओडिशा असं उत्तर आलं की रक्त तपासायला पाठवायचे. सोबतचे डॉक्टर हसायचे, ‘मॅडम नाडीच्या आधी जिल्हा विचारतात’ म्हणून. जवानच नव्हे, रस्त्यांच्या कामावर आलेले मजूर आणि लेह फिरायला येणारे आपले नागपूरकर पर्यटक, सगळ्यांना हे लागू आहे. घरात कुणाला सिकलसेल असेल तर लडाखच्या सहलीचं बुकिंग करण्याआधी तपासणी करा. मेडिकल, मेयो किंवा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात विचारा.

तिथे रोज काय काम असतं? गोळ्या लागलेले पेशंट?

बहुतेक दिवस नाही. उंचीचे आजार, रक्तदाब, न्यूमोनिया, मुतखडा, मूळव्याध, गाडी घसरून मोडलेले पाय, हिमदंश. उंचीवर रक्त घट्ट होतं, त्यामुळे पायात किंवा मेंदूत गाठ अडकलेले तिशीतले जवान येतात. खाली असा पेशंट त्या वयात क्वचित दिसतो. ईशान्येकडच्या रुग्णालयांत चित्र वेगळं. तिथे स्क्रब टायफस आणि मलेरिया. गडचिरोलीत काम केलेल्या डॉक्टरला तिथे फारसं नवल वाटणार नाही.

हिमदंशाबद्दल एक सांगते, कारण यात घरगुती शहाणपण नडतं. बधिर झालेली बोटं चोळायची नाहीत, शेकोटीजवळ धरायची नाहीत. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवून ऊब द्यायची. तेही पुन्हा गारठणार नाहीत याची खात्री असेल तेव्हाच. एकदा वितळून परत गोठलेलं बोट वाचवणं फार कठीण.

बाकी वेळ कागदात जातो. रजेवरून परतलेल्यांची तपासणी, वार्षिक मेडिकल, स्वयंपाकघराची आणि पाण्याची पाहणी. आचाऱ्यांच्या नखांची तपासणी करायला एमडी कशाला लागतं, असं मलाही वाटायचं. एका लंगरात जुलाब पसरले तर सगळी चौकी आडवी होते, हे कळल्यावर वाटेनासं झालं.

सगळ्यात कठीण काय?

थंडी नाही, एकटेपणाही नाही. पेशंटला खाली पाठवायचं की ठेवायचं, हे ठरवणं.

नागपुरात संशय आला तर आपण सीटी करतो, वरिष्ठांना फोन लावतो, तासाभरात दुसऱ्या रुग्णालयात हलवतो. तिकडे हवा साफ असेल आणि उजेड असेल तरच हेलिकॉप्टरचा भरवसा. दुपारनंतर खिंडीत वारा सुटतो. म्हणजे निर्णय दुपारच्या आत घ्यायचा, आणि त्या वेळी पेशंट बहुधा बराच बरा दिसत असतो. ‘मॅडम, मी ठीक आहे’ असं तोच सांगतो. पाठवला तर वैमानिकाला धोक्यात घालायचं, कदाचित विनाकारण. ठेवला आणि रात्री बिघडला तर सकाळपर्यंत तुम्ही आणि तुमचे सिलिंडर.

मला एका वरिष्ठ सर्जननी शिकवलेली पद्धत पुढे कायम उपयोगी पडली. आत्ता तो कसा आहे, हे विचारायचंच नाही. रात्री दोन वाजता तो आणखी बिघडला तर माझ्याकडे काय असेल, एवढंच विचारायचं. उत्तर ‘काही नाही’ असेल तर तो आत्ता जातो. या पद्धतीने काही माणसं उगाच खाली गेली. ती दोन दिवसांनी हसत परत यायची आणि कुणी त्याबद्दल मला बोललं नाही. पाठवलेल्यांपैकी थोडे तरी अनावश्यक नसतील, तर तुम्ही फार उशिरा पाठवताय, असं माझं ठाम मत आहे. शहरातल्या प्रॅक्टिसमध्येही मी ते सोडलेलं नाही.

जवान आजार लपवतात म्हणे?

हो. आणि नाटक करणाऱ्यांपेक्षा लपवणारे मला जास्त भेटले. प्रत्येकाची मेडिकल कॅटेगरी असते. पूर्ण तंदुरुस्त तो शेप-वन. ती घसरली की बढती, कोर्स, परदेशी मोहीम सगळं अडतं. मग रक्तदाबाचा पेशंट तपासणीच्या आदल्या दिवसापासून मीठ सोडतो, पाय बधिर झालेला मोजा काढायला तयार नसतो. डॉक्टर इथे एकाच वेळी उपचार करणारा आणि शेरा मारणारा असतो. ही गाठ सुटत नाही, तिच्यासोबतच काम करावं लागतं.

मला उपयोगी पडली ती आपली भाषा. ओपीडीत महार रेजिमेंटचा बुलडाण्याचा पोरगा आला, फाइलवर गाव वाचून मी ‘जेवला का रे?’ म्हटलं, तर आधी पाच मिनिटं तो बोललाच नाही आणि मग थांबला नाही. छातीत दुखतं म्हणून आला होता, पण दुखणं छातीचं नव्हतं. घरी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भावकीत भांडण पेटलं होतं आणि रजा मंजूर होत नव्हती. अशा वेळी औषधापेक्षा त्याच्या कंपनी कमांडरला केलेला फोन कामाला येतो. बाकीच्यांसाठी आपली नागपुरी हिंदी आहेच. तिला सगळे हसतात, पण समजते सगळ्यांना.

डॉक्टरला बंदूक चालवावी लागते का?

शिकावी लागते. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार डॉक्टर आणि रुग्णालय यांना संरक्षण आहे. शस्त्र बाळगता येतं ते स्वतःच्या आणि पेशंटच्या बचावापुरतं. त्याच करारानुसार शत्रूचा जखमी सैनिक तुमच्यासमोर आला तर त्याच्यावरही तसेच उपचार करायचे. कुणाला आधी घ्यायचं हे फक्त दुखापतीवरून ठरतं.

जिवाला धोका किती?

आहे, आणि तो गोळीपेक्षा रस्ता, हिमस्खलन आणि आग यांचा जास्त. जुलै २०२३ मध्ये सियाचीन भागात आग लागली तेव्हा आरएमओ कॅप्टन अंशुमान सिंह इतरांना बाहेर काढताना गेले. त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळालं. रोजच्या आयुष्यात सावध राहायचं ते बुखारीपासून. केरोसीनची ती शेगडी पेटती ठेवून, खिडकी बंद करून झोपलं तर विषारी वायूने माणूस उठत नाही.

मुलीला पाठवावं का?

मी गेले होते, तेव्हा माझं उत्तर एकतर्फी समजा. पुनिता अरोरा २००४ मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या. आपल्या माधुरी कानिटकर त्या पदापर्यंत पोहोचल्या आणि नंतर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. कॅप्टन गीतिका कौल यांची २०२३ मध्ये सियाचीनवर वैद्यकीय अधिकारी म्हणून नेमणूक झाली. मला अडचण आली ती बाथरूम आणि मापाच्या बुटांची. हुकूम ऐकणाऱ्यांची नाही. खांद्यावरचे तारे दिसले की ‘तू एवढीशी पोरगी’ हे वाक्य कुणी बोलत नाही, जे नागपुरातल्या वॉर्डात मी रोज ऐकायचे.

लग्न आणि मुलं?

फील्डमध्ये कुटुंब नेता येत नाही. शांत ठिकाणी नेता येतं. वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि २० दिवस किरकोळ रजा असते, पण ती कधी मिळेल हे हवामान आणि तुमच्या जागी येणारा डॉक्टर ठरवतो. लग्नाची तारीख पक्की करताना पुढेमागे आठवडाभर मोकळा ठेवा आणि मंगल कार्यालयवाल्याला तसं आधीच सांगा.

गावकऱ्यांवर उपचार होतात का?

होतात. हिवाळ्यात रस्ते बंद झाले की आसपासच्या गावांसाठी लष्कराचं रुग्णालय हाच आधार असतो. मेडिसिनच्या डॉक्टरने बाळंतपणाला उभं राहण्याची वेळ येऊ शकते. इंटर्नशिपमध्ये लेबर रूमच्या ड्युट्या दुसऱ्याच्या गळ्यात घालू नका.

परत आल्यावर नागपुरात निभाव लागतो का?

शॉर्ट सर्व्हिसला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी मिळते. माजी सैनिकांच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये कंत्राटी जागा निघतात. पीजीसाठी सेवेतल्या डॉक्टरांना लष्कराच्या संस्थांमध्ये प्राधान्य असतं, हा एमबीबीएसवाल्यांसाठी मोठा फायदा. प्रॅक्टिस मात्र शून्यापासून. तुमचे बॅचमेट तोवर जम बसवून असतात. शिवाय तिकडचे पेशंट विशी-तिशीतले. सत्तरीतल्या, मधुमेह, किडनी आणि हृदय तिन्ही बिघडलेल्या आजोबांवर हात पुन्हा बसवावा लागतो. सहा महिने कुणा अनुभवी फिजिशियनकडे काम करा, मगच पाटी लावा.

जाताना सोबत काय न्यावं?

महागडं जाकीट नको. कडक थंडीचे कपडे लष्कर देतं आणि ते दुकानातल्यांपेक्षा चांगले असतात. आतले लोकरी कपडे हिवाळ्यात सीताबर्डीला मिळतात तेवढे पुरेत. सिम पोस्टपेड करून घ्या, बाहेरच्या राज्यांचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही. फोनमधली बंदी असलेली अ‍ॅप आधीच उडवा. २०२० मध्ये लष्कराने ८९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात फेसबुक-इन्स्टाग्रामही होतं. संत्रा बर्फी न्या, पण जास्त न्या. पहिल्या संध्याकाळी मेसमध्येच संपते. आणि दाढ किडली असेल तर नागपुरातच भरून घ्या. विमानात आणि उंचीवर ती असली ठणकते की पहिल्याच आठवड्यात डॉक्टर स्वतःच दंतवैद्याच्या रांगेत उभा असतो.